ॲपचं पोट कशावर चालतं?

व्हॉट्सॲपच्या गटावर 'पीएम किसान योजना' अशा नावाची फाईल येते. पाठवणारा ओळखीचा असतो. शेजारच्या मळ्यातला, सोसायटीच्या गटातला, कधी सख्खा मेहुणा. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असं लिहिलेलं असतं, पण दोन हजारांचा हप्ता अडकलेला असताना आणि केवायसी राहिलेली असताना तिथवर कुणाची नजर जाते? फाईल उघडली की फोन एकदा हटकतो, हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय म्हणून. आपण 'चालेल' म्हणतो. मग ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. तीही मिळाली की बँकेचे ओटीपी तुमच्या फोनवरून परस्पर भलतीकडे जायला लागतात आणि तीच फाईल तुमच्या नावानं तुमच्या सगळ्या गटांत पसरते. तुम्हाला ती मेहुण्याकडून आली ती अशीच. त्यानं स्वतः काही पाठवलेलंच नव्हतं.

हाच प्रकार आरटीओच्या दंडाच्या नावानं झाला, लग्नपत्रिकेच्या नावानं झाला. जुन्नर-आंबेगावात निमित्तांना तोटा नाही. पीकविमा, टोमॅटोचा भाव, कुकडीचं आवर्तन, बिबट्या दिसल्याचा व्हिडिओ. ज्याची आस आहे किंवा ज्याची धास्ती आहे, त्याचं नाव फाईलला दिलं की बोट आपोआप तिच्याकडे जातं. म्हणून पहिली गोष्ट ही की व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल उघडायची नाही, मग ती कुणीही पाठवलेली असो. आणि हे नुसतं मनाशी ठरवून भागणार नाही, फोनलाही सांगून ठेवा. सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' असं शोधा. तिथं व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल्स अशी यादी दिसेल. प्रत्येकासमोरचं बटण बंद करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर हे आजच करून टाका.

पण प्ले स्टोअरवरून घेतलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. कॅमस्कॅनर आठवतं? सातबारा असो, दाखला असो की पोराची गुणपत्रिका, फोटो काढून पीडीएफ करायला सगळे तेच वापरायचे. ते प्ले स्टोअरवरच होतं आणि दहा कोटींहून अधिक वेळा उतरवलं गेलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की कंपनीच्या तपासनीसांना त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत घातक कोड सापडला. तो आला होता जाहिराती दाखवण्यासाठी जोडलेल्या तिसऱ्याच कुणाच्या तरी भागातून. गूगलनं ॲप काढलं, दुरुस्तीनंतर ते परत आलं. पुढं जून २०२० मध्ये भारत सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात शेअरइटबरोबर हेही गेलं. बंदीचं कारण राजकीय होतं की सुरक्षेचं, हा वाद बाजूला ठेवू. फुकट ॲप जाहिरातींवर जगतं आणि जाहिरातवाल्यांना त्यानं घरात घेतलं की त्यांच्यामागून कोण आत येईल, यावर त्याचा स्वतःचाही ताबा राहत नाही, हे मात्र यातून दिसलं. कागद स्कॅन करायला आता वेगळं ॲप लागतही नाही. बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यातच ती सोय असते आणि गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनचं बटण असतं.

नारायणगावला तमाशाची सुपारी द्यायला आलेले यात्रा कमिटीचे कारभारी राहुटीवरचा फलक बघून इसार देत नाहीत. फड कुणाचा, गेल्या साली खेळ कुठंकुठं झाले, यंदा संचात कोण आहे, हे खोदून विचारतात. ॲप उतरवण्याआधी एवढीच चौकशी करायची. बनवणारा कोण? नावाखाली लिहिलेलं असतं, त्यावर बोट ठेवलं की त्याची इतर ॲप दिसतात. एकाच नावाखाली बॅटरी साफ करणारं, भविष्य सांगणारं आणि कर्ज देणारं अशी तिन्ही ॲप असली, तर उठून चालू लागा. शेवटचं अपडेट कधी आलं? दोन वर्षं कुणी हात लावला नसेल, तर फडाचा मालक गाव सोडून गेलेला आहे. आणि तिसरा, मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा की याचं पोट कशावर चालतं? पैसे घेतो का, देणगीवर चालतो का, सरकारी खर्चानं चालतो का, की तुमची माहिती विकून? पहिल्या तिन्हींपैकी एकही उत्तर मिळालं नाही, तर चौथं खरं धरून चाला.

या प्रश्नातून सुरक्षेची दुकानं मांडून बसलेलेही सुटत नाहीत. अवास्ट हा जगभर फुकट वाटला जाणारा अँटिव्हायरस. लोकांच्या ब्राउझिंगची माहिती तो आपल्याच एका उपकंपनीमार्फत वर्षानुवर्षं विकत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं त्याबद्दल त्याला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. घरच्या संगणकाला वेगळ्या फुकट अँटिव्हायरसची गरजच नाही. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर चालू ठेवला तरी पुरे.

कीबोर्डचं तर याहून नाजूक आहे. मराठी टाइप करायला सोपं जावं म्हणून कुणाचाही कीबोर्ड आपण फोनवर घेतो. कीबोर्डमधून जे जातं ते सगळं त्याला दिसतं, भावाला लिहिलेला निरोपही आणि बँकेचा पासवर्डही. डिसेंबर २०१७ मध्ये एआय डॉट टाइप नावाच्या कीबोर्डची माहिती साठवलेली जागा कुलूप न लावताच उघडी पडलेली आढळली. तीन कोटी दहा लाख लोकांची माहिती त्यात होती. फोनबरोबर आलेला कीबोर्ड किंवा गूगलचा जीबोर्ड मराठीसाठी पुरेसा आहे. गूगलही काही धर्मादाय संस्था नाही, जाहिरातींवरच जगतं. पण तुमच्या फोनची प्रणाली आधीच त्यानं बनवलेली आहे, मग आणखी एका अनोळखी माणसाला कशाला आत घ्यायचं?

सरकारी कामांच्या ॲपबाबत आपल्याकडे घोळ जास्त होतो. 'सातबारा उतारा' असं प्ले स्टोअरवर शोधून पाहा. खासगी लोकांनी बनवलेली कितीतरी ॲप दिसतील. त्यातली बरीचशी सरकारी संकेतस्थळच आपल्या चौकटीत उघडून भोवती जाहिराती लावतात. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो, मग मधे कुणाला बसवायचं कारण नाही. ई-पीक पाहणीचं ॲप २०२१ पासून आहे, पण हंगामागणिक त्याची आवृत्ती बदलते आणि जुनी चालेनाशी झाली की माणसं मिळेल तिथून नवी शोधतात. दुवा तलाठ्याकडून किंवा कृषी सहायकाकडून घ्या आणि तो प्ले स्टोअरवरच नेतो ना, ते बघा.

संकेतस्थळाचा पत्ता वाचायची एक रीत आहे, ती शाळेतल्या मुलांनाही शिकवावी. पत्ता उलटा वाचायचा. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'मागच्या दोन रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ जिथं येते, तिच्या लगेच आधी काय आहे ते बघा. तिथं 'डॉट गव्ह डॉट इन' असेल तर जागा सरकारी. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा तिच्यासारखी दिसणारी बनावट संकेतस्थळंही निघाली. खऱ्याचा पत्ता 'लाडकी बहीण, डॉट, महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' असा संपतो. बनावटांत 'लाडकी बहीण' हे शब्द असतात, 'महाराष्ट्र'ही असतं, पण शेवट भलताच असतो. सुरुवात कुणालाही हवी तशी लिहिता येते, शेवट मात्र विकत घ्यावा लागतो आणि 'गव्ह डॉट इन' कुणालाही विकत मिळत नाही. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेनं आता अशीच सोय केली आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर न्यावेत, असा आदेश होता. तुमच्या बँकेच्या नावानं आलेल्या दुव्याचा शेवट तसा नसेल तर तो उघडू नका.

पतसंस्थांना हे लागू नाही, हे मात्र नीट समजून घ्या. आपल्या दोन्ही तालुक्यांत पतसंस्थांचं जाळं दाट आहे आणि आता त्यांचीही ॲप निघाली आहेत. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, रिझर्व्ह बँकेच्या नाही. ठेव विमा तिला नाही आणि ऑनलाइन फसवणुकीत ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवणारे रिझर्व्ह बँकेचे नियमही नाहीत. ॲप घेण्याआधी शाखेत जाऊन विचारा, ते कुणी बनवलं, बिघाड झाला तर दाद कुठं मागायची. साहेबांना उत्तर देता आलं नाही तर पासबुक बरं.

अर्थात मोठ्या बँकेतही सगळंच सुरक्षित असतं असं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत घुसून चोरांनी दोन दिवसांत ९४ कोटींवर रक्कम काढून नेली. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. अशा वेळी खातेदाराच्या हातात काही नसतं. आपल्या हातात एवढंच आहे की सगळी पुंजी एकाच खात्यात आणि तेच खातं यूपीआयला जोडलेलं, अशी रचना ठेवायची नाही. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला होता. ज्यांचा माल तेव्हा निघत होता त्यांच्या खात्यावर महिनाभरात आयुष्यात न पाहिलेली रक्कम आली. अशी रक्कम येते ते खातं फोनला जोडूच नका. चहा, डिझेल, औषधं यांच्यासाठी वेगळं छोटं खातं ठेवा, त्यात आठवड्यापुरते पैसे टाका आणि यूपीआय तेवढ्याच खात्यावर चालू द्या. एवढं केलं तर बाकी सगळ्या चुका परवडतात.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. हवामानाच्या ॲपला ठिकाण कळायला हवं, पण 'अंदाजे' कळलं तरी पुरतं. घोडेगावला पाऊस पडेल का, हे सांगायला त्याला तुमचं घर माहीत असायची गरज नाही. टॉर्चला संपर्कयादी कशाला? कर्ज देणाऱ्या ॲपला फोटो आणि संपर्क तर कधीच देऊ नका. हप्ता चुकला की त्याच संपर्कांना, नातेवाइकांना मेसेज जातात, फोटो विद्रूप करून पाठवले जातात आणि त्यापायी लोकांनी जीव दिले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांच्या कर्ज-ॲपची यादी २०२५ पासून आहे. त्यात नाव नसेल तर विषय संपला. आणि 'ॲक्सेसिबिलिटी' ही परवानगी लक्षात ठेवा. दृष्टिहीनांसाठी केलेली ही सोय ज्या ॲपला मिळते, त्याला तुमच्या पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबता येतात. पैसे काढणाऱ्या टोळ्यांना तीच हवी असते. एनीडेस्कसारखं चांगलं सॉफ्टवेअरही असंच वापरलं जातं. दूरचा संगणक दुरुस्त करायला ते उत्तम आहे, पण 'बँकेतून बोलतोय, हे उतरवून घ्या' असं कुणी म्हणालं, तर तो बँकेतला नाही. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच या युक्तीबद्दल इशारा दिला होता.

आता ज्या जागेबद्दल कुणी फारसं बोलत नाही तिथं येऊ. झेरॉक्सचं दुकान आणि महा ई-सेवा केंद्र. आपल्या भागात माहिती सर्वांत जास्त सांडते ती तिथं, आणि त्यात दुकानदाराचा हेतू वाईट असतो असं मुळीच नाही. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत मंचर किंवा जुन्नरच्या एखाद्या दुकानात जा. लोक आधार, पॅन, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात, तो संगणकावर उघडून छापतो. संध्याकाळपर्यंत त्याच्या 'डाउनलोड्स'मध्ये शेकडो कुटुंबांची कागदपत्रं साचतात. तो संगणक बहुधा जुना, विंडोज बहुधा चोरीचं आणि त्याला पेन ड्राइव्ह दिवसभर लागत असतात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचा आधार देणं थांबवलं आहे, त्यामुळे तशा संगणकाची भोकं आता सहसा बुजवलीही जात नाहीत.

यावर उपाय आहेत, थोडा संकोच सोडावा लागतो. छापून झालं की दुकानदाराला तिथल्या तिथं फाईल पुसायला सांगा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. आपल्याकडून पाठवलेली फाईल 'सगळ्यांसाठी डिलीट' करा, पण त्याच्या संगणकावरची प्रत त्यानं जात नाही. तिथल्या ब्राउझरवर आपला जीमेल उघडू नका. जिथं पूर्ण आधार क्रमांक लागत नाही तिथं मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि तो आधारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून विसंबू नका. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. तुम्हाला ओळखणाऱ्या कुणालाही तो सांगता येईल. कागदी झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर आडवं लिहा, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. आणि अर्जात मोबाईल नंबर स्वतःचाच टाकायला लावा. घाईत केंद्रचालकाचा नंबर टाकला गेला की पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि पुढच्या वर्षी केंद्र बंद झालं की तुम्ही तुमच्याच अर्जाला मुकता.

आहुपे-डिंभ्याच्या वरच्या अंगाला, जिथं घरात एकच फोन आहे आणि रेंज एखाद्या टेकाडावरच मिळते, तिथं हे सल्ले पुस्तकी वाटतील. तिथं अर्ज दुसरंच कुणीतरी भरणार आणि ओटीपी त्याला वाचून दाखवावाच लागणार. मग निदान एक करता येईल. आधारचं बायोमेट्रिक कुलूप लावून घ्यावं. बोटाचे ठसे नक्कल करून आधार-आधारित व्यवहारांतून पैसे काढल्याचे प्रकार काही राज्यांत घडले आहेत, आणि ठसे जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरून उचलल्याचंही तपासात दिसलं. कुलूप लावलं की ठसा चालत नाही. रेशन किंवा पगारासाठी ठसा द्यायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडायचं. ही कटकट आहे, मान्य. महिन्यातून एकदाच ठसा लागत असेल त्यानं करावी, रोज लागत असेल त्यानं राहू द्यावं.

भीमाशंकर, लेण्याद्री, ओझर, माळशेज इथं लॉज किंवा घरगुती निवास चालवणाऱ्यांनी आपली बाजूही बघावी. पाहुण्यांच्या आधारचे फोटो आपल्या खासगी फोनच्या गॅलरीत, मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी पडून असतात. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मध्याला लागू होतील. धंद्यासाठी घेतलेली माहिती त्यात येते, मग धंदा चार खोल्यांचा का असेना. आत्तापासून नोंदवहीत लिहायची आणि फोटो पुसायची सवय लावलेली बरी.

दुकान, शाळा, पतसंस्था, डेअरी असं काही चालवत असाल तर संगणकावरच्या चोरीच्या सॉफ्टवेअरकडे वळू. क्रॅक केलेल्या प्रतीबरोबर काय येतं, ते ती देणाऱ्यालाही माहीत नसतं. पत्र, हिशेब, सादरीकरण यांना लिबरऑफिस पुरतं. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते देणग्यांवर चालवते आणि युनिकोड मराठी त्यात व्यवस्थित चालतं. व्हिडिओसाठी व्हीएलसी, ब्राउझरसाठी फायरफॉक्स. या सगळ्यांचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो. कमी प्रतीचं म्हणून फुकट देतात, असा समज असेल तर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीकडे बघा. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांनी टिपलेली निरीक्षणं जगभरचे खगोलशास्त्रज्ञ 'कासा' नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर तपासतात. लग्नपत्रिका छापणाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेलं वर्षांचं काम एका रात्रीत युनिकोडवर नेता येत नाही. त्यांनी जुना संगणक इंटरनेटपासून तोडून फक्त मांडणीसाठी ठेवावा आणि ग्राहकांच्या फाईली दुसऱ्यावर घ्याव्यात. आणि मुक्त सॉफ्टवेअर घेतानाही ते त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. शोधात सर्वांत वर 'जाहिरात' म्हणून येणारा दुवा कित्येकदा नकलेचा असतो.

सरकारचं ॲप आहे म्हणून चौकशी टाळायची, असंही नको. संचारसाथीचं संकेतस्थळ फार उपयोगी आहे. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते तिथं कळतं, हरवलेला फोन बंद पाडता येतो. त्याचंच ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून घालायचा आदेश दूरसंचार विभागानं नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस काढला, लोकांनी हरकत घेतली आणि ३ डिसेंबरला तो मागे घ्यावा लागला. सोय वापरावी, सक्तीबद्दल विचारावं.

एवढं करूनही गंडलात, तर लाजत बसू नका. त्यात जाणारा वेळ चोराच्या फायद्याचा असतो. फोनचं इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकाला लावा. पैसे चोराच्या पहिल्या-दुसऱ्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात. मग बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि तो घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. ॲप लगेच काढून टाकू नका. मेसेज, फाईल, व्यवहारांचे स्क्रीनशॉट आधी जपा, त्यानंतर फोन पूर्ण रिसेट करा, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या यंत्रावरून. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार चूक ना बँकेची ना तुमची अशी असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर बोजा येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून शाखेत तोंडी सांगून परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, त्यावर तारीख आणि वेळ घाला आणि शिक्का मारलेली पोच हातात घेऊनच बाहेर पडा.